पाण्याचं वजन

जाळीला चिकटलेला जलपर्णीचा भारा थोरलीने दाताळ्याने वर ओढला आणि तिचा पाय ओल्या पायरीवरून घसरला. गुडघा कठड्यावर सणकून आपटला, पण दाताळं तिने सोडलं नाही. भारा काठावर येऊन पडला. जाळीमागे तुंबलेलं चराचं पाणी सुटल्यासारखं पंपांकडे धावलं आणि पंपघरातला आवाज बदलला. मघापासून घोगरा झालेला सूर पुन्हा भरदार लागला.

कान तृप्त होणं म्हणजे काय, ते त्या घटकेला थोरलीला विचारावं. तिने गुडघा चोळला आणि पुढच्या भाऱ्याला दाताळं लावलं.

"ताई, वरंबे दिसायला लागले!"

धाकटी चिखलातून धावत येत होती. पदर कमरेला खोचलेला, पोटऱ्या चिखलाने माखलेल्या, आणि तोंडावर असं हसू की जणू लॉटरीच लागली.

"किती ओळी?"

"पाच-सहा. बटाट्याचे शेंडे वर आलेत. लडबडलेत सगळे, पण उभे आहेत. माझ्यासारखे."

"तुझ्यासारखे म्हणजे तोंड वर करून."

"मग काय खाली घालू? मी काय कोणाची चोरी केली?" धाकटीने तिच्या हातातलं दाताळं ओढून घेतलं. "सरका तुम्ही. गुडघा बघा आधी. आणि सासरेबुवा काय म्हणतात?"

सासरेबुवा म्हणजे दोनांतला जुना पंप. चालू व्हायला आढेवेढे घेतो, चालू झाला की खोकतो, आणि एकदा लागला की कोणाचं ऐकत नाही, म्हणून धाकटीनेच त्याचं हे बारसं केलं होतं. खरे सासरे हयात असते तर त्यांनीही हसून मान डोलावली असती.

"चाललेत बिचारे," थोरली म्हणाली. "आज एकदाही रुसले नाहीत."

पाऊस आदल्या दिवशीच थांबला होता. ऊन इतकं लख्ख पडलं होतं की कोणी वाळवण घालायला बाहेर यावं. पण नदीला उन्हाचं काय? तिकडे वरच्या डोंगरांत पडलेलं सगळं पाणी आत्ता कुठे इथे पोचत होतं. मोठ्या बांधाच्या पलीकडे ती फुगून, तांबडी होऊन वाहत होती, आणि बांधाच्या अलीकडे, तिच्या पातळीच्या कितीतरी खाली, बशीच्या तळासारखी ही सगळी शेतं, घरं, शाळा, गोठे. कोण्या काळी इथे दलदल होती. वाडवडिलांनी बांध घातला, चर खणले, पाणी उपसलं आणि जमीन वर काढली. नदी इथे माणसांच्या डोक्यावरून वाहते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. रोज ते कोणी मनात आणत नाही, एवढंच. मनात आणून जगता येतं का कोणाला?

बशीच्या अगदी तळाला या दोघी जावांचं शेत. आणि म्हणूनच सगळ्या शिवाराचं पाणी नदीत उपसणाऱ्या पंपघराची किल्ली त्यांच्या घरात. जमीन वर काढली तेव्हापासूनची रीत अशी, की ज्याचं शेत सगळ्यात खाली, पंप त्याच्या ताब्यात. ज्याच्या उंबऱ्याला पाणी आधी लागतं त्याचीच झोप आधी उडते, हा त्यामागचा साधा हिशोब. थोरलीचा नवरा होता तोवर तो बघायचा. गेल्या वर्षी त्याच्या आजारपणात थोरली त्याच्या उशाशी दवाखान्यात बसून राहिली, पंप चालू व्हायला उशीर झाला आणि शेत बुडालं. तो गेला त्याच आठवड्यात धाकटीने कुजलेले बटाटे घमेल्या-घमेल्यांनी एकटीने बाहेर काढून टाकले. धाकटीचा नवरा दूर बोटीवर, वर्षातून एकदा येणारा. ती एक शब्द बोलली नाही. ना रागाचा, ना दुःखाचा. लोकांनी वाट पाहिली होती की आता जावाजावांची जुंपेल. जुंपली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. ते गप्प राहणंच तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

यंदा लावणीच्या दिवशी शेताच्या कडेला उभं राहून थोरली म्हणाली होती, "पंप मी बघते. तू शेत बघ. यंदा तुझं शेत मी बुडू देणार नाही."

धाकटी नुसती "बरं" म्हणाली होती. पण त्या एका शब्दावर तिने सगळं शेत एकटीने उभं केलं होतं, तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

"ते बघा कोण येतंय," धाकटी म्हणाली.

बांधावरून तात्या येत होते. तात्या म्हणजे बांधाचे राखणदार. उमर झालेला माणूस, हातात काठी, आणि चाल अशी संथ की म्हशीनेही पुढे जावं. ते आज भराभर येत होते. उतारावर त्यांनी काठी टेकलीसुद्धा नाही.

थोरली पायऱ्या चढून वर आली.

तात्या पंपघरापाशी आले, दम खाल्ला आणि म्हणाले, "सूनबाई, पंप बंद कर."

पंपांच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं असं थोरलीला वाटलं. "काय?"

"दोन्ही बंद कर. तुमच्या शेतामागे, बांधाच्या पायथ्याशी झरा फुटलाय. गढूळ आहे."

धाकटीने दाताळं खाली ठेवलं. "झरे काय, दर पुरात फुटतात."

"निवळ फुटतात. निवळ झऱ्याची मी काळजी करत नाही, पोरी. हा बांधाचं पोट बाहेर आणतोय."

"मग पोती टाका की वाळूची."

"टाकलीत. भोवती कडं केलंय. वरून बूच मारून चालत नाही, एक तोंड बंद केलं की दुसरीकडे फुटतो. कडं करायचं, पाणी आत चढू द्यायचं, त्याच्याच वजनाने तो दबतो. पण हा दबत नाही. कडं भरून वाहतंय." तात्यांनी थोरलीकडे पाहिलं. "बाहेर नदी रेटतेय. आतून शेतातल्या पाण्याने रेटायला हवं ना? दोन पैलवान एकमेकांना रेटतात तोवर दोघेही उभे. एकाने अंग काढून घेतलं, की संपलं. सकाळपासून तुझे पंप आतल्या पैलवानाचं अंग काढून घेतायत."

पंप भरदार सुरात चालले होते. मघाशी हाच आवाज तिला भजनासारखा गोड लागला होता.

धाकटी मात्र पुढे झाली. "तात्या, तुमचं शेत कुठे आहे?"

"तुला ठाऊक आहे."

"तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"वरच्या अंगाला."

"म्हणजे पंप बंद झाला तर तुमच्या शेतात पाणी यायला उद्याचा दिवस लागेल. आमच्यात घटकाभरात येईल. आणि किल्ली आमच्या घरात राहिली तेव्हा बाईमाणसाच्या हाती यंत्र नको म्हणून सगळ्यांत मोठ्याने कोण बोललं होतं?"

"मीच," तात्या म्हणाले. "आणि आता तुझ्या जावेला विचारायला धावत आलोय. चार माणसं घेऊन येऊन लाल बटण दाबता आलं असतं मला. तशी रीत नाही. ज्याचं बुडणार त्यानेच दाबायचं."

थोरलीने ओला हात पदराला पुसला.

"बघू तरी द्या," ती म्हणाली.

तिघं शेताच्या बांधावरून निघाली. सरींतलं पाणी खरंच उतरत होतं. धाकटी चालता चालता वाकून एखाद्या शेंड्यावरचा चिखल बोटाने पुसत होती, जसं गर्दीत चालता चालता आई लेकराचं नाक पुसते. थोरलीने ते पाहिलं आणि नजर समोर नेली.

शेवटच्या वरंब्याच्या मागे दोन गडी पोती भरत होते. पोत्यांचं कडं मांडीपर्यंत आलं होतं. आत पाणी उकळत्या पातेल्यासारखं तळातून वर ढुसण्या देत होतं आणि एका बाजूने ओसंडत होतं. तात्यांनी कडेला ठेवलेला काचेचा पेला बुडवला आणि थोरलीच्या हातात दिला.

"आपल्या शेतातलाच चिखल आहे तो," धाकटी म्हणाली. "पाऊस कमी का पडलाय? सगळंच गढूळ आहे."

थोरलीने पेला स्थिर धरला. गढूळपणा हळूहळू खाली बसला. तिने वरचं पाणी ओतून दिलं, तळाशी राहिलेलं बोटावर घेतलं आणि अंगठ्याने चोळलं. शेताची माती काळी, चिकट, नखात जाऊन बसणारी. हे करडं होतं, रवाळ. बांधाच्या पोटात नदीची वाळू भरलेली आहे हे तिला सासऱ्यांनी सांगितलं होतं. तिने बोट धाकटीपुढे केलं.

धाकटीने बघितलं नाही. ती वाकली आणि तिने कोपरापर्यंत हात त्या झऱ्यातच घातला.

"अगं!" तात्या ओरडले.

ती तशीच वाकलेली राहिली. तळाशी तिच्या बोटांमधून काय सरकत होतं ते तिचं तिलाच ठाऊक. हात बाहेर काढला तेव्हा तिने तो पदराला पुसला नाही. तसाच अंगापासून लांब धरून, कोणाकडे न बघता ती आपल्या शेतात चालत गेली आणि एका वरंब्यावर बसली.

थोरली उभी राहिली. बांधाच्या माथ्यावर आभाळ निळंशार होतं. पलीकडून नदीचा आवाज येत होता. आवाज तरी कसला, नुसती घरघर, भिंतीपलीकडे कोणी जड जातं फिरवावं तशी. तिच्या मागे सगळं गाव होतं. कोणी ओसरी धूत होतं, कोणी गुरांना वैरण टाकत होतं, पाऊस गेला म्हणून शाळेच्या पटांगणात पोरं खेळत होती. संकट टळलं अशीच सगळ्यांची समजूत. पाणी उतरतंय म्हटल्यावर तसं कोणाला वाटणार नाही?

आणि बंद केल्यावर बांध टिकला, तर उद्या सगळे विचारतील, टिकणारच होता तर बंद कशाला केला? टिकलेला बांध पुरावा देत नाही. देवा, माणसाला पुण्य करायला लावतोस तेही असं, की पदरात खात्रीसुद्धा टाकत नाहीस.

"नुसते पंप बंद करून भागेल?" तिने विचारलं.

तात्यांनी खाली पाहिलं. "अंधार पडायच्या आत पाणी चढायला हवं. मोठ्या चरावरच्या फळ्या काढाव्या लागतील."

म्हणजे सगळ्या शिवाराचं पाणी या एका शेतात. बुडू देणं वेगळं, हाताने बुडवणं वेगळं. तात्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणून तर ते तिने विचारेपर्यंत बोलले नव्हते.

"फळ्या काढायला गडी देता येतील?"

"पोती थांबवली तर बांध इथेच जाईल."

थोरली वळली. धाकटी बसली होती त्या वरंब्यावरून जाण्याखेरीज दुसरी वाट नव्हती. ती जवळ आल्यावर थांबली. धाकटीचा तो हात अजून तसाच होता, करडी वाळू कोपरापर्यंत वाळत आलेली.

"मी जाते," थोरली म्हणाली.

धाकटीने मान वर केली नाही.

पंपघरात थोरलीने पेटीचं दार उघडलं. आधी नव्या पंपाचं लाल बटण दाबलं. तो आज्ञाधारक पोरासारखा गप्प झाला. मग जुन्याचं. सासरेबुवा खोकले, गदगदले, एकदा थांबून पुन्हा फिरल्यासारखे झाले आणि मग थांबले. असली शांतता तिने कधी ऐकली नव्हती. ती तिनेच ऐकली असंही नाही. वरच्या शेतात वाकलेली माणसं ताठ उभी राहिली आणि पंपघराच्या दिशेने बघू लागली. कोणीतरी लांबून हाक मारली, "काय झालं गं? बिघडला का?"

तिने हात हलवला, नाही म्हणून की थांबा म्हणून, ते तिलाही कळलं नाही. कोपऱ्यातले लोखंडी आकडे घेतले आणि ती मोठ्या चराकडे निघाली.

चर आणि शेत यांच्या मधल्या दारात एकावर एक फळ्या बसवलेल्या होत्या. पाण्याने फुगून त्या खाचेत घट्ट रुतल्या होत्या. प्रत्येक फळीला दोन बाजूंना दोन कड्या. दोन माणसांनी एका दमात उचलायचं काम. थोरलीने एका कडीत आकडा घातला आणि जोर लावला. तेवढीच बाजू बोटभर वर आली आणि फळी तिरकी होऊन अडकली. तिने दुसऱ्या बाजूला जाऊन ओढलं. दुखरा गुडघा कळवळला. फळी आणखी अडकली. ती पुन्हा पहिल्या बाजूला आली. डोळ्यांत घाम गेला की काय, समोरचं सगळं धूसर झालं.

"व्हा बाजूला."

धाकटी दाराच्या पलीकडच्या अंगाला उभी होती. थोरलीला वाटलं, आता ही आकडा हिसकावून चरात भिरकावून देणार. वाटलं, देईल तर देऊ दे.

धाकटीने जमिनीवरचा दुसरा आकडा उचलला आणि आपल्या बाजूच्या कडीत घातला.

"तू नको," थोरली म्हणाली. "तुझ्या हाताने नको गं."

"मग कोणाच्या? लावणी कोणाच्या हाताने झाली?" धाकटीचा आवाज खरखरीत होता. "आधी खाली दाबा, सरळ होऊ दे. आता उचला. उचला, ताई."

फळी सुटली. मागोमाग दुसरी. तिसऱ्या फळीला हातच लावावा लागला नाही, पाण्यानेच ती उचलून फेकली. तांबूस लोट शेतात शिरला. आधी सरींतून धावला, मग वरंब्यांवर चढला. मघाशी मोठ्या दिमाखात वर आलेले ते शेंडे थरथरले, वाकले, पुन्हा सरळ झाले. धाकटी ते बघत उभी राहिली, आणि थोरली धाकटीकडे. दोघींपैकी एकीने जरी हंबरडा फोडला असता, तरी चाललं असतं. कोणी फोडला नाही.

नंतरचा वेळ कसा गेला हे सांगायचं तर पेला बुडवण्यात गेला. पाणी पोत्यांच्या कड्याबाहेर चढत होतं. तात्या गुडघाभर पाण्यात उभे राहून कड्याच्या आतून पेला भरत, उन्हाकडे धरत आणि ओतून देत. गावातली माणसं बांधावर जमली होती. पंप का बंद, फळ्या कोणी काढल्या, असं बोलणं सुरू झालं होतं.

एकजण म्हणाला, "चांगलं उतरत होतं की पाणी!"

दुसरा म्हणाला, "बायकांना घाई फार."

तात्यांनी मागे न बघता सांगितलं, "तोंडाने बांध धरता येत असता तर तुम्हाला इथे निजवलं असतं. पोती भरा." तेव्हा तो पोती भरू लागला.

ऊन कललं. पेल्याच्या तळाशी साचणारा करडा थर पातळ झाला. मग नुसती कड राहिली. मग तात्यांनी पेला वर धरला आणि त्यातून पलीकडची त्यांची बोटं दिसली. पाण्यात उभ्या उभ्या त्यांनी पेल्यासकट हात जोडले, तेव्हा बांधावरची सगळी कुजबुज थांबली.

थोरलीने तेवढंच पाहिलं आणि ती वळली.

ती धावत सुटली. दुखऱ्या गुडघ्यानिशी, शेताच्या बांधावरून, पाण्यातून फतफतत. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आत्ता पंप लागले तर सकाळपर्यंत वरंबे उघडे पडतील. एक रात्र पाण्यात काढली तर सगळेच कुजत नाहीत. निम्मे वाचतील. निम्मे नाही तर वरच्या कडेच्या ओळी तरी. दिलेला शब्द पुरता नाही तर चतकोर तरी राखता येईल. पंपघरात अंधारून आलं होतं. तिने चाचपडत पेटीचं दार उघडलं आणि हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

"काय करताय?"

धाकटी दारात होती. तीही धावत आली असावी, धाप लागली होती.

"पाणी निवळलं," थोरली म्हणाली. "झरा दबला. तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग? आत्ता चालू केले तर अजून—"

"नदी उतरली का?"

थोरलीचं बोट बटणावरच होतं. पंपघराच्या झरोक्यातून बांधाचा माथा दिसत होता, आणि माथ्याच्या अगदी लगत, सांजेच्या उजेडात चमकणारी ती तांबडी रेघ. सकाळी होती तिथेच. कदाचित बोटभर वरच.

"ताई, नदी उतरली का?"

"नाही."

"मग झरा निवळला तो कशाने?"

उत्तर बाहेर शेतभर पसरलं होतं. तरी तिने बटणावरचं बोट काढलं नाही.

"मी तुला शब्द दिला होता गं."

"दिला होतात," धाकटी म्हणाली.

ती पुढे आली. तिने थोरलीचं मनगट धरलं, सावकाश बाजूला केलं आणि पेटीचं दार लावलं. मग कोपऱ्यातलं रिकामं खोकं पायाने ओढून घेतलं, पेटीला टेकवलं आणि दाराला पाठ लावून त्यावर बसली.

बाहेर तात्या कोणाला तरी रात्रीच्या पाळ्या नेमून देत होते. कोणीतरी कंदील मागत होतं.

"तुम्हीही बसा," धाकटी खोक्यावर थोडी सरकत म्हणाली. "उभं राहिल्याने काय ती लवकर उतरणार आहे?"

थोरली तिच्या शेजारी टेकली. दार उघडंच होतं आणि दारातून शेत दिसत होतं, पण धाकटी तिकडे बघत नव्हती. तिने मान वर करून झरोक्यातून नदीवर डोळे लावले होते, उतू जाणाऱ्या दुधावर लावावेत तसे.